रेघ थंड होईपर्यंत

१

मास्तरांनी जन्मात कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांची स्वतःचीच शाळा अर्ध्यात सुटली होती. पण काच कापावी तर त्यांनीच, असं सगळा बाजार म्हणायचा, आणि ज्याचा हात धरणारं कुणी नसतं त्याला लोक आपणहून मास्तर म्हणू लागतात.

टेबलावर जाड ब्लँकेट, ब्लँकेटवर काच, मास्तरांच्या हातात हिरकणी. हिरकणी म्हणजे काच कापायची बोटाएवढी दांडी, टोकाला हिऱ्याचा कण बसवलेली. ती रॉकेलात बुडवायची, पट्टी दाबून धरायची आणि श्वास रोखून वरून खाली एकच रेघ ओढायची. रेघेनं काच तुटत नाही, तुटायला तयार होते. मग ती टेबलाच्या कडेपर्यंत सरकवायची आणि खालून एक टिचकी मारायची. कट्. डावा हात तोवर खाली पोचलेला असतो, सुटलेला तुकडा त्यात येऊन बसतो.

दारात गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवून ठेवणारा भागीदार मान न वळवता विचारायचा, "सरळ गेली?"

"गेली," मास्तर म्हणायचे.

दिवसभरात त्या दोघांत बोलणं एवढंच, आणि तेवढ्यावर दुकान सुखानं चाललं होतं.

मास्तरांना एक व्यसन होतं, म्हणजे पूर्वी होतं. काचा एकमेकींवर घासू नयेत म्हणून मध्ये पातळ पांढरे कागद घालतात. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की मास्तर त्यातला एक कागद ओढून घ्यायचे आणि सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहीत बसायचे. समोर दिसेल ते, मनात येईल ते. सुट्टी संपली की तो कागद काचांमध्ये सरकवायचा, वरून दोरी आवळायची आणि माल रवाना करायचा. परत वाचायचं नाही, जपून ठेवायचं नाही, लिहिलेलं खोडायचं तर मुळीच नाही. ज्यांच्या घरी काच जायची ते लोक तो कागद चुरगळून फेकून देत असणार, आणि मास्तरांना त्याचंच बरं वाटायचं. डोकं रिकामं व्हायचं. दुपारी हात सकाळपेक्षा हलका चालायचा.

त्या कागदांवर सगळ्यात जास्त त्यांची बायको असायची. तिचं हसणं, तिचं रुसणं, कपाळावर आठी घालून सुईत दोरा ओवणं. ती गेली त्या दिवशी पेन्सिल टेबलाखाली घरंगळली, ती मास्तरांनी कधी उचलली नाही.

२

माणूस लिहायचा थांबला म्हणून त्याच्या आतलं बोलणं थांबत नाही. ते तुंबत जातं. मास्तरांचा राग आधी नाकाच्या शेंड्यावर आला आणि मग तिथून हातात उतरला. एका गिऱ्हाइकानं पुन्हा पुन्हा माप बदललं, तर त्यांनी त्याचीच काच उचलून त्याच्या पायापाशी आपटली. त्याच्या पोटरीला टाके पडले. मास्तर घरी आले तेव्हा त्यांच्या विजारीवर परक्या माणसाचं रक्त वाळलेलं होतं, आणि त्यांच्या तोंडावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता.

घरात मुलगी एकटीच होती. तिला लहानपणी आंघोळीच्या टपातून ओढून काढावं लागायचं, म्हणून तिच्या आईनं तिला मासोळी म्हणायला सुरुवात केली होती. आता ती पोहण्याच्या तलावावर पोरांना शिकवायची, पण घरात मासोळीच राहिली होती.

"बाबा, तुम्ही पूर्वी लिहायचात ना?" तिनं विजार भिजत घालता घालता विचारलं.

"मग?"

"मग परत लिहा. रागच लिहा हवं तर. कागदाला टाके पडत नाहीत."

मास्तर हसले. किती तरी दिवसांनी हसले, म्हणून मासोळीनं ती संधी सोडली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं पेन्सिल आणून टेबलावर ठेवली, सुताराचीच, जाड. तासून ठेवली होती.

मास्तर दुपारी दुकानातून लवकर परतले. काखेत कागदांची गुंडाळी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, आणि बसूनच राहिले. विहीर फार दिवस उपसली नाही तर पहिली बादली गाळाचीच येते. काय लिहावं ते सुचेना. समोर चहाचा कप होता, म्हणून मग कपावर लिहिलं. कान तुटका आहे, कड पिवळी पडली आहे, बायकोनं आणला होता आणि मला कधीच आवडला नव्हता, असं अर्धा कागदभर. पेन्सिल दाबली की ती कागदावर कुरकुर करायची, तो आवाज मास्तरांना जुन्या मित्राच्या खाकरण्यासारखा ओळखीचा वाटला.

संध्याकाळी मासोळी आली. तिच्या खोलीचं दार ओलीनं फुगलं होतं. ते आतल्या बाजूला उघडायचं, पण बाहेरून खांदा लावल्याशिवाय हलायचं नाही, आणि हललं की एकदम सुटून आत आपटायचं. तिनं खांदा मारला, दार धाडकन आपटलं. घराला तो आवाज सवयीचा होता.

"बाबा, हे दार तासून द्या की हो. रोज कुस्ती खेळते मी याच्याशी."

"रविवारी," मास्तर म्हणाले. असे बरेच रविवार होऊन गेले होते.

ती चहा ओतून घेऊन आली आणि तिनं तो तुटक्या कानाचा कप वडिलांपुढे ठेवला. ठेवताना नेहमीसारखा टक् आवाज व्हायला हवा होता. झाला तो कट् असा. कप वरून खाली उभा दुभंगला आणि दोन भाग दोन बाजूंना निजले.

"अगं बाई, भाजलं का?" मासोळी फडकं घ्यायला धावली.

मास्तर तुकडे उचलून बघत होते. चिनीमाती अशी तुटत नाही. तिचे टवके उडतात, कडा दातेरी होतात. ही कड बोट फिरवावं तर गुळगुळीत लागत होती. मी कापला असता तरी इतका सरळ गेला नसता, असं त्यांच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या कापाचं कौतुकच वाटलं.

३

भागीदार मनानं वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. स्वतःच्याच विनोदावर आधी स्वतः हसायचं आणि टेबलावर उजव्या हाताची थाप मारायची, ही त्याची खोड. त्यानं मास्तरांना न विचारता काच कापायचं यंत्र मागवलं, आणि ही बातमी दिली तीही चार गिऱ्हाइकांदेखत.

"मास्तर, आता तुम्ही नुसतं बटण दाबायचं. म्हातारपणी हात थरथरला तरी काच काही तक्रार करणार नाही."

थाप. सगळे हसले. मास्तर हिरकणी हातात धरून उभे होते, आणि ती त्या जाड मनगटावर चालवावी असं त्यांना इतकं वाटलं, इतकं वाटलं, की ती त्यांनी रॉकेलाच्या डबीत टाकली आणि घरचा रस्ता धरला.

त्या दुपारी गाळ संपला होता. मास्तरांनी भागीदाराचा हात लिहिला. दंडावर तटतटणारी बाही, केसाळ मनगट, घड्याळाचा रुतलेला पट्टा, बोटांतल्या अंगठ्या, ती थाप. तो हात उखडला तर कसा दिसेल, हे लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, चाकूनं तासून पुढे लिहिलं. कागद संपला तेव्हा मास्तरांच्या पाठीला घाम होता आणि छातीत असा काही आनंद होता, जो लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर त्यांना भेटला नव्हता. ते शीळ घालत उठले. रात्री गाढ झोपले.

सकाळी तो कागद दोन आरशांमध्ये घालून त्यांनी गावभर फिरायला पाठवून दिला.

भागीदार बाही वर सारून दारात उभा होता. दंडावर, कोपराच्या वर, एक बारीक रेघ होती. लाल नाही, सुजलेली नाही. नुसती रेघ, सरळ, दंडाला वळसा घालून गेलेली.

"हे काय लागलं?" मास्तरांनी विचारलं.

भागीदारानं बोटाला थुंकी लावून चोळून बघितलं. "नख लागलं असेल. नाहीतर बायकोनं निजल्या ठिकाणी सदऱ्याचं माप घेतलं असेल."

मास्तरही हसले. काल मनातलं सगळं कागदावर ओतल्यामुळे त्यांना भागीदाराचा आज अजिबात राग नव्हता. उलट, बिचारा, असंच काहीतरी वाटत होतं.

४

यंत्र दुपारी आलं. हमालांनी ते उतरवलं, भागीदारानं त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातली आणि हमालांनाच भाषण द्यायला सुरुवात केली. मास्तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एका खिडकीच्या काचेवर पट्टी लावत होते.

"आणि हे आमचे मास्तर," भागीदार म्हणाला, "यांना आता आपण काचेच्या कपाटात ठेवणार. कपाट मात्र यंत्रावर कापलेलं."

तो हसला आणि त्यानं टेबलावर थाप मारली.

कट्.

तो आवाज काय होता हे मास्तरांना विचार करून ओळखावं लागलं नाही. हात टेबलावर राहिला. ब्लँकेटवर तळवा टेकलेला, बोटं पसरलेली, अंगठ्या जागच्या जागी, आणि दंडाचा काप असा की त्यात आतलं पांढरं आणि आतलं लाल वेगवेगळं दिसत होतं. भागीदाराचं तोंड अजून हसण्यासाठी उघडंच होतं. त्यानं खांद्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, जणू दोन वस्तू एकाच दुकानातल्या आहेत की नाही ते तो ठरवत होता. मग रक्त आलं. ते दिव्यावर उडालं, नव्या यंत्रावर उडालं, मास्तरांच्या तोंडावर गरम सपकारा बसला. भागीदार गोल फिरला, काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीवर आदळला आणि खाली बसला. हमाल ओरडत रस्त्यावर पळाले. त्यातला एक परत आला, त्यानं आपला पंचा त्या तुटक्या दंडावर दाबला, आणि पंचा त्याच्या मुठीतच लाल होऊन गळू लागला.

"गेली," मास्तर म्हणाले.

कुणी काही विचारलं नव्हतं. शब्द तोंडून आपला आपण पडला होता.

दवाखान्यात पोचेपर्यंत भागीदार संपला होता.

५

काच निसटली आणि लागली, असं सगळ्यांनी ठरवलं. डॉक्टर म्हणाले, इतका स्वच्छ काप काचेशिवाय कशाचा होणार. पोलिसांनीही मान हलवली. काचेच्या दुकानात माणूस कापला गेला तर काचेनंच कापला, याला पुरावा कशाला हवा. मास्तरांनीही तेच धरून ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार.

पण दुकान धुवायचं काम त्यांच्याचकडे आलं. त्यांनी फरशी झाडली, घोडीखाली झाडलं, ब्लँकेट झटकलं. दुकानातली प्रत्येक काच जागेवर आणि अखंड होती. केरसुणीला काचेची एक कपचीही लागली नाही.

असेल हमालांच्या पायाला लागून गेली, मास्तरांनी स्वतःला सांगितलं. असेल कुणीतरी उचलली. कपाचं काय, कप जुनाच होता. रेघेचं काय, तो स्वतःच म्हणाला नख लागलं. मनाला एक एक गोष्ट पटवत ते घरी पोचले आणि खुर्चीत बसले ते तसेच. मासोळीनं गरम पाण्याचं फडकं आणून त्यांचं तोंड पुसलं, कानामागचं वाळलेलं रक्त नखानं काढलं.

"मी त्याच्याबद्दल वाईट लिहिलं होतं," मास्तर म्हणाले.

"लिहिल्यानं माणूस मरत नाही हो, बाबा."

"फार वाईट लिहिलं होतं."

ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "मग आता कुणाचं तरी चांगलं लिहा. मन निवळेल. आईचं लिहायचात तसं."

बायकोचं लिहायला त्यांचा हात धजेना. पण लेकीचं म्हणणं त्यांना पटलं. वाईट लिहून वाईट झालं असेल, तर चांगलं लिहिल्यावर चांगलंच होईल, असा हिशेब कुणाही बापानं केला असता. दुसऱ्या दिवशी दुकान बंदच होतं. मासोळी तलावावर गेल्यावर मास्तर टेबलाशी बसले आणि त्यांनी मासोळी लिहिली. जीव ओतून लिहिली. ती पाण्यात शिरते तेव्हा पाणी उडत नाही, हे लिहिलं. भांडी घासताना ती गुणगुणते, हे लिहिलं. पोहायला जाताना ती केस वर बांधते तेव्हा मागून तिची मान अगदी तिच्या आईसारखी दिसते, आणि ती दिसली की मला जगावंसं वाटतं, हे लिहिताना त्यांना रडू आलं. कागद दोन्ही बाजूंनी भरला. पेन्सिलीचा जोर एवढा होता की अक्षरं हाताला लागत होती.

६

सकाळी मासोळी आरशापुढे केस वर बांधत होती. मास्तर तिच्या मागून चहा घेऊन जात होते. ते थांबले.

मानेवर, केस संपतात त्याच्या किंचित खाली, एक रेघ होती.

"काय झालं?" मासोळीनं आरशातून विचारलं.

"मानेला काय लागलंय?"

तिनं हात मागे नेऊन चाचपलं. "गॉगलचा पट्टा रुतला असेल. काल दिवसभर पाण्यात होते."

मास्तर म्हणाले, असेल. पण काचेवरची रेघ खरी की नुसता ओरखडा, हे बघायची एक रीत आहे. काच उजेडात तिरकी धरायची. ओरखडा मेलेला दिसतो, रेघ चमकते. मास्तरांनी काहीतरी निमित्त काढून तिला खिडकीशी बोलावलं, कचरा अडकलाय म्हणून मान वाकवायला लावली. सकाळचं कोवळं ऊन तिरपं आत येत होतं.

रेघ चमकली. ती कानाखालून वळून हनुवटीच्या सावलीत शिरली होती, आणि दुसऱ्या कानाखालून परत बाहेर आली होती.

तेव्हा त्यांना बायको आठवली. आरशापुढे उभी राहून कपाळावर बोट फिरवत ती म्हणाली होती, ही रेघ कसली हो? आणि ते कौतुकानं म्हणाले होते, वय झालं बाईसाहेबांचं. त्याच संध्याकाळी न्हाणीघरात पाय घसरून तिचं डोकं बेसिनच्या कडेला लागलं. लहान मूल आपटतं आणि रडून गप्प होतं, तेवढंच. मास्तर धावले तेव्हा ती फरशीवर होती आणि कपाळापासून मागेपर्यंत तिची कवटी उघडी होती, नीट, दोन भागांत. एवढ्याशा धक्क्यानं असं कसं, असं डॉक्टर सारखे म्हणत होते. ते दुःख मास्तरांनी इतकी वर्षं उराशी धरलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांना कळलं की ते दुःख नव्हतं, ते आपल्या हातचं काम होतं. प्रेमानं केलेलं, रोज, जेवणाच्या सुट्टीत.

कालचा कागद टेबलावरच होता. मास्तरांनी पेन्सिल उचलली, सगळं खोडून टाकायला. टोक कागदाला टेकणार तोच हात जागीच थिजला. एका रेघेवरून दुसऱ्यांदा हात फिरवायचा नसतो. फिरवला की काच बिथरते, मग ती रेघेवर तुटत नाही, वाटेल तिथे, वाटेल तशी फुटते. त्यांनी पेन्सिल हळूच खाली ठेवली. कागद जाळून उपयोग नव्हता, पट्टी जाळली म्हणून काचेवरची रेघ पुसली जात नाही.

एकच मार्ग होता. रेघ मारून काच तोडली नाही, दिवसभर कुणी हात लावला नाही, तर रेघ थंड होते. दुसऱ्या दिवशी कितीही टिचक्या मारा, तिथे तुटत नाही. कारागीर शिव्या घालतात अशा काचेला. मास्तरांना जगात त्याहून गोड काही वाटलं नसतं. आजचा दिवस. आजच्या दिवसात तिला कुठे धक्का लागायला नको.

आणि आज तिच्या पोरांची शर्यत होती.

७

"आज जाऊ नकोस," मास्तर म्हणाले.

"बाबा, शर्यत आहे आज. उडी कशी घ्यायची ते पोरांना पुन्हा एकदा दाखवणार आहे मी."

"उडी घ्यायची नाही. मानेवर पाणी बसेल."

मासोळीनं पिशवीत टॉवेल कोंबता कोंबता वर पाहिलं. मास्तरांनी मग सांगून टाकलं. कप, हात, आई, रेघ. सांगताना त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं की हे वेड्याचं बोलणं आहे. सांगून झाल्यावर ती उठली, त्यांचा हात हातात घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "परवा तुमच्या डोळ्यांदेखत काकांचं तसं झालं. माझंच चुकलं, एकटं सोडायला नको होतं तुम्हाला. शर्यत आटोपली की आपण डॉक्टरकडे जाऊ. चालेल?"

मास्तरांना तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग आपल्याला काय वाटलं हे ध्यानात येऊन त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले.

ती खोलीत गॉगल आणायला गेली. फोन बाहेर टेबलावरच राहिला होता. मास्तरांनी तिच्यामागे दार ओढलं, हळू, आवाज न करता, चौकटीत घट्ट रुतेपर्यंत, आणि बाहेरून कडी घातली.

"बाबा?"

"संध्याकाळपर्यंत. फक्त संध्याकाळपर्यंत. पलंगावर बस. उशीला टेकू नकोस."

"बाबा, दार उघडा."

मग ती ओरडली. मग तिनं दारावर मूठ मारली. दुसरी मूठ. तिसरी. कडी कोयंड्यात नाचत होती. पोहणाऱ्या पोरीचे खांदे, तिनं मनावर घेतलं असतं तर चौकटीसकट दार काढलं असतं. मास्तर दाराला लागून खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देत म्हणाले, "नको गं मारूस. पाया पडतो तुझ्या. दाराला धडक मारू नकोस."

आतला आवाज थांबला.

मग दाराच्या अगदी जवळून, खालून, ती बोलली. तीही पलीकडे बसली असावी.

"रडू नका, बाबा. नाही जात मी. फोन करून कळवते त्यांना. तुम्ही म्हणाल तशी बसते, दिवसभर, तुमच्यासमोर. पण असं कोंडून नका ठेवू हो. भीती वाटते मला."

भीती वाटते, हे ती आई गेल्यानंतर पहिल्यांदाच म्हणाली होती.

८

मास्तरांनी डोळे पुसले आणि कडी काढली.

"ओढ तुझ्याकडे. हळू."

ती ओढत होती. दार कुरकुरलं, हललं नाही. ते नेहमीचंच, ओलीनं फुगलेलं, बाहेरून रेटा लागणारं. रविवारी तासून द्यायचं राहिलेलं.

"नाही येत," ती म्हणाली. "तुम्ही ढकला."

"नको."

"बाबा, ढकला. मी बाजूला होते."

"लांब हो. पार खिडकीशी जा."

पावलं लांब गेली. "गेले. या आता."

मास्तरांनी खांदा लावला नाही. उजवा तळहात दाराच्या कडेशी टेकवला, श्वास रोखला आणि हळूहळू जोर वाढवत नेला. लाकूड कण्हलं. अजून थोडा. तेवढ्यात आतून तिच्या पावलांचा आवाज आला, परत, दाराच्या दिशेनं, आणि ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "थांबा, पिशवी अडकेल दारात, खालीच राहिलीय."

थांबा हे त्यांना ऐकू आलं. हातालाही ऐकू आलं. पण जोर आधीच गेला होता, टिचकीएवढाच, काचेला देतात तेवढाच, आणि दार नेहमीसारखं एकदम सुटलं.

फटीतून त्यांना ती दिसली. पिशवी उचलायला दाराशी आडवी वाकलेली, केस वर बांधलेले. दाराची कड मानेला लागली. ती आई गं सुद्धा म्हणाली नाही.

कट्.

मास्तरांनी डोळे मिटले. पिशवी पडल्याचं ऐकू आलं, गॉगल फरशीवर घरंगळत गेल्याचं ऐकू आलं. मग त्यांना जाणवलं की आपला डावा हात फटीतून आत गेला आहे, खाली, गुडघ्याच्या उंचीवर, तळवा वर करून. कधी गेला ते कळलं नव्हतं. त्याला कुणी सांगावं लागत नाही.

त्यात अलगद वजन येऊन बसलं, आणि त्यांच्या बोटांवर केस सुटले.